कप्तानांची टाकी

कप्तानांच्या लाँचवर पाणी प्यायचं असेल, तर आधी दोन्ही हात पुढे करून दाखवावे लागत. आधी तळवे, मग नखं. नखांत माती दिसली की कप्तान काही न बोलता बादलीकडे बोट दाखवत. हात धुऊन आलात की स्टीलचा ग्लास मिळे. तो नळाखाली चार बोटं अंतरावर धरायचा, नळाला टेकवायचा नाही, ओठाला लावायचा नाही, वरून प्यायचं. पिताना पाणी हनुवटीवरून ब्लाउजवर ओघळलं तर कप्तान म्हणत, "अंगावं सांडलं तर वाळतंय. टाकीत सांडलं तर वाळत न्हाई."

एकदा तालुक्याहून एक मोठे साहेब आले होते. पांढरे कपडे, दोन्ही हातांत मिळून पाच अंगठ्या. कप्तानांनी त्यांनाही बादली दाखवली. साहेबांनी हात धुतले. कप्तान म्हणाले, "अंगठ्या काढून धुवा साहेब, खाली घाण ऱ्हाती." साहेबांनी पाणी न पिताच पलीकडचा काठ गाठला. उतरताना त्यांना उचकी लागलेली होती.

ही लाँच जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर चालायची. शेवगावच्या बाजूचं आमचं गाव काठावर, समोर पैठणच्या बाजूचा काठ. रस्त्यानं जायचं तर सगळा जलाशय वळसा घालून जावं लागे; लाँचनं पाऊण तास. आता पाऊण तासाच्या प्रवासात, चारी बाजूंनी क्षितिजापर्यंत पाणी असताना, लाँचच्या मधोमध पिण्याच्या पाण्याची दोनशे लिटरची टाकी कशाला, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारी. मीही विचारला होता.

"सिस्टर," कप्तान म्हणाले, "म्या पंधरा वर्सं दर्यावर काढली. जहाज लई पान्यानं बुडतंय आन् मानसं थोड्या पान्यानं मरत्यात."

मी तेव्हा त्या गावच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नवी आले होते. पाण्याचे नमुने तपासणं हा माझ्या कामाचा भाग. गावातले हातपंप, टाकी, शाळेचं पिंप, सगळीकडे फिरून नळीत पाणी घ्यायचं, ओटी नावाच्या तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग येतो का बघायचं. पिवळा आला तर पाण्यात क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. इतकं सोपं. या सोप्या कामावरून एखादा माणूस माझी अकरा वर्षं परीक्षा घेईल, असं मला वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मी लाँचवर नळी आणि ओटीची बाटली घेऊन चढले तेव्हा कप्तानांनी बाटली माझ्या हातातून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि लेबल वाचलं.

"ह्ये द्रावन मुदत संपल्यालं हाय, सिस्टर."

खरंच संपलेलं होतं. दोन महिने झाले होते. कपाटातली आधीची बाटली मी तशीच उचलून आणली होती. गुपचूप बाटली पर्समध्ये टाकली आणि लाँचवरून खाली उतरले. कप्तानांनी मागून आवाज दिला, "नवी आनली की या. टाकी कुठं जात न्हाई."

टाकी खरोखर बघण्यासारखी होती. कोल्हारच्या बाजूला दुधाच्या टाक्या बनवणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून त्यांनी ती स्टीलची करून घेतलेली. प्लॅस्टिकची नको, कारण प्लॅस्टिकमधून उजेड जातो आणि उजेड गेला की शेवाळ येतं. झाकण घट्ट, त्याला कुलूप, कुलपाची किल्ली कप्तानांच्या करगोट्याला, धोतराच्या आत. टाकी उघडायची म्हटलं की सगळ्या बायांनी तोंड फिरवून पाण्याकडे बघायचं, हा लाँचवरचा रिवाजच होता. हवा जायला वर एक बारीक नळी, तिचं तोंड खाली वाकवलेलं आणि त्यावर बारीक जाळी, म्हणजे पाल, झुरळ, धूळ काही आत जाणार नाही. नळ तळापासून चार बोटं वर. "खालची चार बोटं कुनाची बी न्हाईत," ते म्हणत. "गाळाचं पानी गाळाला." तळाला वेगळी बुचाची तोटी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती उघडून टाकी पूर्ण रिकामी करायची, आतून घासायची, ब्लीचिंगचं कडक पाणी भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी ओतून द्यायचं, दोनदा धुवायचं आणि मग नवं पाणी भरायचं. पाणी गावच्या फिल्टरच्या टाकीवरून. तेही भरताना पहिल्या दोन बादल्या वाहू द्यायच्या.

भरायची नळी तर गावात प्रसिद्ध होती. इंजिनासाठी आणि लाँच धुवायला एक काळी नळी होती, ती कुठंही लोळत पडे. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी. ती वापरून झाली की पाणी झटकून, दोन्ही तोंडांना बुचं लावून, जुन्या धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून कप्तान घरी नेत आणि देवघराच्या खुंटीला टांगत. घरात दुसरी कुठलीच जागा उंदीर, कोंबड्या आणि पायांपासून सुरक्षित नव्हती.

यावरून त्यांचं आणि आक्काचं वाजायचं. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तेव्हा मुलगा घेऊन माहेरी आलेली. मुलगी पाच वर्षांची असताना कप्तानांची बायको गेली. कप्तान त्या वेळी दर्यावर. ती पोर आक्कानंच वाढवली. म्हणून पाण्याची बाब सोडली तर घरात आक्काचाच शब्द चाले.

"देवाच्या शेजारी नळी टांगतुया मेला," आक्का मला सांगे. "उदबत्ती ओवाळली की आधी नळीलाच धूर लागतुया."

"लागू दे की," कप्तान आतून म्हणत. "देवाला आजून हगवन लागली न्हाई, ती बी आपल्याच नळीमुळं."

आता एका माठाची गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या बाजूनं ती फार शोभेची नाही.

लसीकरणाचा दिवस होता. उपकेंद्राच्या ओट्यावर बाया पोरं घेऊन बसलेल्या. कप्तान एक पाण्याची बाटली घेऊन आले. म्हणाले, "सिस्टर, टाकीचं हाय. जरा बघता का?" नवी ओटी होती माझ्याकडे, मुदत नीट बघून घेतलेली. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग नाही. हलवलं. रंग नाही. पाणी पांढरं ते पांढरं.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कप्तान, शून्य आहे. तुमची टाकी बंद करावी लागेल."

"टाकी न्हाई सिस्टर," ते म्हणाले. "माठ. त्यो तुमच्या दाराजवळचा. ज्यातनं ह्या पोरांना गोळ्या देताना पानी पाजता त्यो."

ओट्यावरच्या बाया अशा हसल्या की दोन पोरं सुई न टोचताच रडायला लागली. त्या दिवसापासून माठात मी रोज स्वतः थेंब टाकते. आजही टाकते.

कप्तानांना दुसरी एक खोड होती. धरण झालं तेव्हा त्यांच्या घरची सगळी जमीन पाण्याखाली गेली होती. ते तेव्हा सात-आठ वर्षांचे. लाँच त्या जमिनीवरूनच जायची. अमुक एका जागी आलो की ते ओरडत, "पाय वर घ्या, भुईमूग हाय!" नवे पाहुणे खरोखर पाय वर घेत. पुढे थोडं गेलं की इंजिन मंदावून लाँच डावीकडे वळवत आणि मोठा वळसा घालून पुन्हा सरळ करत. तिथं त्यांची विहीर होती. चाळीस फूट पाण्याखाली. "हिरीवरनं कोन जातं का?" ते विचारत. पाच मिनिटं जात त्या वळशात. कुणी तक्रार केली तर म्हणत, "हिरीत पडलं तर तासभर जाईल."

टाकीचं वेड कुठून लागलं, याची त्यांनी मला तीन उत्तरं दिली. पहिलं, जहाजावरच्या टाकीत मांजर पडलं आणि त्याच्या वासाचं पाणी सगळ्यांनी आठवडाभर प्यायलं. दुसरं, एक स्वैपाकी टाकीच्या झाकणावर झोपायचा आणि त्याच्या पायाला खरूज होती. ही दोन्ही उत्तरं ते रंगवून सांगत. तिसरं एकदाच सांगितलं, इंजिनाचं तेल पुसताना, माझ्याकडे न बघता. बंदरात पाणी भरताना डेक धुवायची नळी पिण्याच्या टाकीला लागली होती. सतरा माणसं आडवी झाली. "एकजन उठला न्हाई. नळी म्याच लावली हुती."

त्यांनी चिंधी धुतली, वाळत घातली आणि मग ते "पाय वर घ्या" असं ओरडले. पुढच्या खेपेला मी त्यांना ओटीची एक नवी बाटली आणून दिली. त्यांनी मुदत वाचली आणि खिशात टाकली.

लेकीचं लग्न ठरलं ते पलीकडच्या काठाला. मुलाकडचं लग्न, मुलाच्या दारात. वऱ्हाड आमच्या बाजूनं लाँचनं जाणार. वैशाख महिना, मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांनी. अकराला निघायचं ठरलं होतं, निघालो अकरा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे आमच्या गावाच्या मानानं वेळेवर. नवरीनं शालूवर भगवं लाइफ जॅकेट घातलेलं, डोक्याला मुंडावळ्या, आणि तिच्या मागं चाळीस माणसं तशीच भगव्या जॅकेटांत. दुरून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुठल्या तरी आखाड्याचे साधूच लाँचवर चढलेत. चाकावर कप्तान, नवं धोतर, फेटा, त्यावरही जॅकेट. मीही वऱ्हाडात होते.

दहा मिनिटं झाली असतील. भुईमूग मागं पडला होता, विहिरीचा वळसा झाला होता. सगळे पाय पुन्हा खाली आले होते. आक्का पदर सावरत उभी राहिली आणि म्हणाली, "सगळ्यांनी घोट-घोट पानी घ्या ह्या टाकीतलं. पैठनच्या घाटावरनं आणल्यालं गोदामाईचं पानी म्या सकाळी त्येच्यात घातलंय. पोरगी सासरी चालली, सगळ्यांच्या पोटात गंगा जावी."

कप्तानांनी इंजिन बंद केलं.

इंजिनाचा आवाज थांबला की पाण्यावर किती शांतता असते, ते त्या दिवशी कळलं. लाँच हळूहळू सरकत राहिली आणि मग थांबली.

"कवा घातलं?" कप्तानांनी विचारलं.

"सकाळी तू झाकन उघडून पाईप लावलास न्हाई का? तू त्यो पाईप बघत हुतास, म्या पलीकडनं बाटली वतली."

"आक्का, ह्ये काय हाय?" त्यांनी लाँचच्या कडेनं खाली बोट दाखवलं.

"पानी."

"कुनाचं?"

आक्कानं खाली पाहिलं. खाली जे पाणी होतं ते गोदावरीचंच होतं. पैठणच्या घाटावर धरणातून सुटून जे पोचतं, तेच.

"ज्या पान्यावर आपुन बसलोय, त्येच पानी तू पैठनला जाऊन, बाटलीत भरून, परत आनलंस," कप्तान म्हणाले. "आन् माज्या टाकीत वतलंस."

"बाटलीत भरलं की त्ये पवित्र हुतंय."

"बाटलीत भरलं की त्ये संशयाचं हुतंय."

कप्तानांनी किल्ली काढली. नवरीसकट सगळ्या बायांनी सवयीनं पाण्याकडे तोंडं फिरवली. त्यांनी टाकी उघडली, आत डोकावून पाहिलं, वास घेतला. मग बाकाखालून काळी बाटली काढली. त्यात ब्लीचिंगचं निवळलेलं पाणी ते दर आठवड्याला ताजं करून ठेवत. मोजून टाकीत ओतलं, लाकडाच्या लांब दांड्यानं ढवळलं, झाकण लावलं, कुलूप घातलं.

"जंतू मरस्तवर अर्धा तास," ते म्हणाले आणि टाकीवर बसले.

"म्हंजी?" नवरीचा मामा उठला. "भावजी, मुहूर्त बारा-धाचा हाय!"

"ठाव हाय. पोरगी माजी हाय."

"मंग लाँच चालू करा की."

"चाक धरलं तर टाकीवर कोन बसंल? ह्या उनात चाळीस मानसं, त्यात पोरं. लाँच चालली की वारा येतुया, वारा आला की तहान लागती. अर्ध्या तासाच्या आत कुनी नळ फिरवला तर? आन् नळ बांधून टाकला तर ही पोरं वंजळीनं तळ्यातलं पितील. आपलीच पोरं हायती, म्या वळखतो."

मी उठले. आरोग्य खात्याच्या माणसाचं कर्तव्य होतं. "कप्तान," मी म्हटलं, "क्लोरीन थांबलेल्या लाँचवर जेवढं काम करतं तेवढंच चालत्या लाँचवर करतं. तुम्ही चाकावर जा. मी बसते टाकीवर."

कप्तान हळूच म्हणाले, "तुमचा माठ, सिस्टर."

चाळीस माणसं हसली. मी खाली बसले.

पलीकडून फोन यायला लागले. मामानं एक घेतला, "निघालोय, निघालोय, मधी हाय" असं सांगितलं. खरं तर तो मधेच होता, निघालेला नव्हता. दुसऱ्या फोनला त्यानं "रेंज न्हाई" म्हणून सांगितलं आणि फोन बंद केला. नवरी रडवेली झाली. "आबा," ती म्हणाली, "माझं लग्न लागायचंय."

"लागंल. पोट चांगलं असलं की समदं लागतंय."

पंधरा मिनिटं गेली तशीच. म्हातारे फेटे काढून वारा घेत होते. एका पोरानं बोटं पाण्यात बुडवली, त्याच्या आईनं त्याला एक चापट मारली आणि मग कप्तानांकडे पाहिलं, शाबासकीसाठी. वाऱ्यानं लाँच हळूहळू फिरली आणि आम्ही सगळे पुन्हा आमच्याच गावाकडे तोंड करून बसलो. आक्का हे सगळं बघत होती. तिच्या कपाळावरचं गोंदण घामानं चमकत होतं. ती पोर तिनं पाच वर्षांची असल्यापासून वाढवली होती. मुहूर्त हुकला तर सगळा गाव म्हणेल की आक्काच्या बाटलीनं हुकला, हे तिला कळत होतं.

ती उठली. "उठ," तिनं भावाला सांगितलं.

"आक्का, तूच तर..."

"म्याच वतलं. म्हनूनशान म्याच बसनार. उठ म्हनते!"

कप्तान उठले. आक्का टाकीच्या झाकणावर बसली. नऊवारीचा काष्टा सावरून मांडी घातली, भगवं जॅकेट पोटाशी आवळलं आणि नळाच्या तोटीवर हात ठेवला. "किती वाजलं?" तिनं मला विचारलं. मी सांगितलं. "आता कुनी फुडं आलं तर हात मोडीन. नवरदेव आला तरी."

कप्तानांनी इंजिन सुरू केलं.

पुढची पंधरा मिनिटं नळाकडे कुणी फिरकलं नाही. मामा एकदा उठला, नुसता पाय मोकळे करायला. आक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत बसला. पलीकडचा घाट दिसायला लागला, तिथं मंडपाची झालर, आणि त्या क्षणी आक्का म्हणाली, "बाई, झाला अर्धा तास. लावा तुमची नळी."

मी लावली. थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, झेंडूसारखं पिवळं, दोन क्षणांत. मी नळी उंच धरून सगळ्यांना दाखवली. लाँचवर टाळ्या वाजल्या. कप्तानांनी चाक मामाच्या हातात दिलं, पहिला ग्लास स्वतः भरला आणि लेकीला दिला. तिनं वरून एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"आबा, वास येतोय."

"आला पायजे," ते म्हणाले. "वास आला म्हंजी पानी जागं हाय." आणि मग तोंड फिरवून बराच वेळ घाटाकडे बघत राहिले. घाट होता तिथंच होता.

मुहूर्त दहा मिनिटांनी हुकला. आम्ही धापा टाकत मंडपात पोचलो, तर नवरदेव तिथं नव्हता. तो अजून मारुतीच्या देवळापुढं घोड्यावर होता आणि त्याचे मित्र डीजेपुढं नाचत होते. लग्न लागायला आणखी पाऊण तास गेला. मंडपात पाण्याचे जार वेळेवर आले नव्हते. मुलाकडचे वऱ्हाडी एक-एक करून घाटावर लाँचकडे जायला लागले आणि आक्का तिथं उभी राहून प्रत्येकाचे हात बघू लागली. अक्षता टाकायला ती शेवटच्या मंगलाष्टकाला आली.

मग लग्नानंतर पाच-सहा वर्षांनीची गोष्ट. कप्तानांच्या छातीत कफ दाटला. नगरला दवाखान्यात ठेवलं. तिथं त्यांनी पहिल्याच दिवशी टाकी कुठंय असं विचारायला सुरुवात केली, आणि त्यांच्या समाधानाचं उत्तर कुणी देईना. म्हणून चौथ्या दिवशी हट्टानं सही करून घरी आले. गोळ्या आणि इंजेक्शनं बरोबर दिली होती, ती मी देत होते. पण दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास फार वर लागला. आक्काचा मुलगा मला बोलवायला आला तेव्हा म्हणाला, "मामाचं काय खरं न्हाई."

घरात माणसं जमली होती. लेक पलीकडून आली होती. आक्काच्या हातात काशीहून आणलेला गंगेचा गडू होता, पितळेचा, डाख लावून बंद केलेला. देवघरात पांढऱ्या नळीशेजारी किती वर्षं होता, कुणास ठाऊक. तिनं तो फोडला होता, चमच्यात पाणी घेतलं होतं, त्यावर तुळशीचं पान. आणि कप्तानांनी दात आवळून तोंड बंद केलं होतं.

"उघड की रं," आक्का रडत म्हणत होती. "एक थेंब घे. उघड."

मला बघितल्यावर त्यांनी डोळे माझ्याकडे वळवले आणि बोटानं नळी धरल्याची खूण केली.

मला खोटं बोलता आलं असतं. नळी त्यांच्या नजरेआड धरून "पिवळं आहे" म्हणता आलं असतं. कुणी माझ्यावर रागावलं नसतं. पण ते टक लावून नळीकडेच बघत होते. मी गडूतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले.

"आक्का, शून्य आहे," मी म्हटलं.

"गंगेची परीक्षा घेता व्हय, बाई?"

"मी घेत नाही. ते घेतात."

मी वाटीत पाणी काढलं, क्लोरीनचं द्रावण पातळ करून त्यातला थेंबभर घातला, ढवळलं, वर ताटली झाकली. "अर्धा तास," मी म्हटलं.

आक्कानं माझा दंड धरला. तिची बोटं अजून मला आठवतात. "ह्या अर्ध्या तासात त्येचं काय झालं, आन् गंगा त्वांडात गेली न्हाई, तर मी वर जाऊन आईला काय सांगू?"

मी नाडी धरून बसले. भिंतीवरचं घड्याळ जोरात चालत होतं. कप्तान त्याच्याकडे बघत होते. दहा मिनिटांनी आक्का उठली आणि वाटीपाशी जाऊन बसली. ताटलीवर हात ठेवला. लेकीचा मोठा पोरगा उत्सुकतेनं हात घालायला आला, तर त्याच्या हातावर एक फटका बसला. तो फटका ऐकून कप्तानांच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

अर्धा तास झाला. मी पुन्हा नळी लावली. पिवळं. आक्कानं चमचा त्यांच्या ओठांशी नेला. त्यांनी आधी नाक फुगवून वास घेतला.

"जागं हाय," ते म्हणाले आणि तोंड उघडलं.

मग दुसरा चमचा मागितला. मग म्हणाले, चहा करा. संध्याकाळपर्यंत श्वास खाली आला. माझं मत विचाराल तर पाचव्या दिवशी औषध लागू पडलं, एवढंच. आक्का गावभर सांगत फिरली की गंगेनं वाचवलं. कप्तानांना विचारलं तर ते म्हणत, "अर्धा तास थांबायचं हुतं, म्हनून थांबलो."

त्यानंतर ते अडीच वर्षं जगले. गेले ते एका सकाळी, टाकी भरून, बुचं लावून, नळी झटकून लुगड्यात गुंडाळून झाल्यावर, घाटाच्या पायरीवर बसले आणि परत उठले नाहीत. पाणी पाजायला कुणाला वेळच मिळाला नाही. किल्ली करगोट्याला होती. ती आक्कानं स्वतः सोडून घेतली.

माझी आता देवळाली प्रवराच्या बाजूला बदली झाली आहे. मागच्या महिन्यात कप्तानांच्या धाकट्या नातीच्या बारशाला पलीकडच्या काठाला जायचं होतं, म्हणून जुन्या गावी गेले आणि लाँचवर चढले. चाकावर आक्काचा मुलगा. विहीर आल्यावर त्यानं वळसा घातला. आता वळसा त्याचा झाला आहे.

ऊन होतं, तहान लागली होती. टाकीकडे गेले तर झाकणावर आक्का बसलेली. चेहऱ्यावर सुरकुत्या वाढल्यात, कमरेला किल्ली, मनगटाला पुरुषी घड्याळ. मी ग्लास उचलला.

"थांबा," आक्का म्हणाली. "सकाळीच टाकलंय. आजून अकरा मिन्टं हायती."

"आक्का, मी आरोग्य खात्याची आहे. अकरा मिनिटांनी काही होत नाही."

"हात दावा."

मी हात दाखवले. तळवे, मग नखं. आक्कानं ते नीट बघितले. मग मान हलवली.

"हात बरं हायती. पर तुमच्या माठाचं मला ठाव हाय, बाई. बसा."

मी बसले.